चौथं पात्र : निजामाच्या राज्यातल्या सुधारणा आणि इंग्रजांची सार्वभौम सत्ता
(जालना येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय असा आहे की एखादी मोठी सत्ता आपल्या मांडलिक राज्यांतल्या सुधारणेच्या चळवळी कशा ताब्यात ठेवते. असा विषय निघाला की साधारणपणे लोक रशिया आणि पूर्व युरोपबद्दल बोलू लागतात. तिथेही आपण जाऊ, पण नंतर. कारण या विषयाचं एक मोठं उदाहरण आपल्या पायाखाली आहे आणि त्याची कथा आपण अर्धवट सांगत आलो आहोत. मला आज त्या अर्धवट सांगण्यावर टीका करायची आहे.

आपल्या जिल्ह्यातली दोन गावं डोळ्यांसमोर आणा. एक भोकरदन तालुक्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीनं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. दुसरं गाव परतूर. १९३७ साली तिथे महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, गोविंदराव नानल अध्यक्ष होते. निजामाच्या राज्यातल्या मराठी भाषकांनी आपल्या मागण्या घेऊन उघडपणे एकत्र येण्याची ती सुरुवात. पहिल्या घटनेपासून दुसरीपर्यंत १३४ वर्षं जातात. या दोन गावांना जोडणारा धागा आपण सांगत नाही, अशी माझी तक्रार आहे.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाची गोष्ट ऐकतो. तिच्यात तीन पात्रं असतात : निजाम, रझाकार आणि जनता. जालन्यात हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकरांचं नाव घेतलं जातं, आणि ते घेतलंच पाहिजे. पण या गोष्टीत चौथं पात्र नसतं. हैदराबादेत कोठी भागात एक भलीमोठी इमारत आहे, ब्रिटिश रेसिडेन्सी. तिथे बसणारा माणूस आपल्या भाषणांत कुठे दिसतो का? जवळजवळ नाहीच. जणू निजाम आपल्या मर्जीचा मालक होता आणि त्याच्यावर कोणीच नव्हतं.

आता कोणी म्हणेल, मूळ पुस्तकांतच तसं आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी १९६७ साली इंग्रजीत आल्या. अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ १९८७ चा. ही दोघंही लढ्यात उतरलेली माणसं. त्यांच्या अंगावर लाठी उगारणारा शिपाई निजामाचा होता, तुरुंग निजामाचा होता, बंदीच्या हुकुमावर सरकार निजामाचं होतं. समोर उभा असलेला शत्रू लेखनातही समोर येणार, हे स्वाभाविक आहे. मी त्यांना दोष देत नाही. दोष आपला आहे, कारण आपण आज ७५ वर्षांहून अधिक अंतरावर उभे आहोत. त्या शिपायामागे कोण होतं हे बघायला आपल्याला आता कुणाची आडकाठी नाही, तरी आपण बघत नाही.

सुरुवातीपासून घेऊ. १७९८ साली निजाम अलीनं इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. १८०० च्या तहानं परराष्ट्र व्यवहार हातचा गेला. मग १८०३ ची लढाई. सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा मुलूख सोडला. त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा होता. हा मुलूख कंपनीनं पुढे निजामाला दिला. म्हणजे बघा, ज्या जालन्यावर निजामानं राज्य केलं म्हणून आपण बोलतो, ते जालना त्याच्या पदरात इंग्रजांनी टाकलेलं होतं. आणि मग इथेच छावणीही आली.

फौज कुणाची आणि खर्च कुणाचा, हा प्रश्न पुढची पन्नास वर्षं चालला. ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज उभी राहिली. तिच्यावर हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाच्या तिजोरीतून. शांततेच्या काळात अशी कायम फौज पोसण्याची अट १८०० च्या तहात नव्हती. पण पगार थकले, कर्ज चढलं, आणि १८५३ साली त्या कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांनी आपल्या कारभाराखाली घेतला. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला. त्याचं बक्षीस म्हणून १८६० साली ५० लाखांचं कर्ज माफ झालं, रायचूर आणि धाराशिव परत मिळालं. वऱ्हाड मात्र राहिलं ते राहिलंच.

आता सुधारणांकडे येऊ. १८५३ सालीच सालारजंग दिवाण झाला आणि १८८३ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, राहिला. महसूल मक्त्यानं देण्याची पद्धत त्यानं मोडली, जिलाबंदी केली, न्यायालयं, पोलीस, तिजोरी यांची घडी बसवली. आज आपण जिल्हा म्हणतो त्याची हैदराबादेतली पायाभरणी ती. इंग्रजांना हा माणूस फार आवडत होता. का आवडणार नाही? महसूल नीट गोळा झाला, दंगे कमी झाले, की मांडलिक राज्य स्वस्तात सांभाळता येतं.

पण याच सालारजंगानं एक गोष्ट वारंवार मागितली : वऱ्हाड परत द्या. १८७६ साली तो इंग्लंडला गेला, तिथे त्याचा सन्मान झाला, आणि परत आल्यावर वारं फिरलं. निजाम लहान होता, कारभार पालक मंडळाकडे होता. १८७७ साली लॉर्ड लिटनच्या सरकारनं सालारजंगाच्या विरोधातल्या विकार-उल-उमराला त्याच्या शेजारी सहपालक म्हणून बसवलं. सालारजंगाला हे नको होतं, पण त्याला ते गिळावं लागलं.

इथे पहिला नियम दिसतो, तो लक्षात ठेवा. मोठी सत्ता सुधारणेच्या विरोधात नसते. राज्य नीटनेटकं करणारी सुधारणा तिला हवीच असते, कधी कधी ती स्वतःच सांगून करवून घेते. तिला नको असते ती सुधारणा जिच्यामुळे मांडलिकाचं तोंड दुसरीकडे वळेल. म्हणजे तो आपल्या हक्काचा हिशेब मागू लागेल, किंवा आपल्या रयतेला उत्तर देऊ लागेल.

रयतेनं उत्तर मागितल्याचं एक जुनं उदाहरण १८८३ चं आहे. आपण ते जवळजवळ विसरलो आहोत. हैदराबादची रेल्वे एका इंग्रजी कंपनीकडे द्यायची, तिला ठरावीक व्याजाची हमी राज्याच्या तिजोरीतून द्यायची आणि लाईन चांद्याकडे न्यायची, अशी योजना निघाली. हैदराबाद शहरातल्या काही शिकलेल्या लोकांनी विचारलं, पैसा आमचा आहे तर अटी आम्हाला दाखवा. त्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते, सरोजिनी नायडूंचे वडील. मुल्ला अब्दुल कय्यूम होते. मागणी किती साधी बघा : करार प्रसिद्ध करा. अघोरनाथांना राज्याबाहेर घालवलं गेलं. हुकूम निजामाच्या सरकारचा. फायदा कुणाचा, हे मी सांगायला नको. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच कंपनीच्या व्यवस्थेखाली मनमाडपासून गोदावरी खोऱ्यातून लाईन आली, जालन्याहून, परतूरहून. परतूरला जाणारी गाडी त्या न दाखवलेल्या हिशेबाच्या रुळांवरून जात होती, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आणि हेही बघा : हिशेब मागणाऱ्यांत एक बंगाली हिंदू आहे आणि एक हैदराबादी मुसलमान आहे. हा मुद्दा शेवटी परत लागणार आहे.

आता तीन कागद वाचू. टीकाकाराचं काम शेवटी कागद वाचणं हेच असतं.

पहिला कागद २७ मार्च १९२६ चा. सातवा निजाम मीर उस्मान अली खान यानं वऱ्हाडाचा प्रश्न परत काढला होता. पहिल्या महायुद्धात त्यानं इंग्रजांना भरघोस मदत केली होती. ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ अशी पदवीही मिळाली होती. त्याची समजूत अशी झाली की दोस्त म्हणजे बरोबरीचा. त्यानं लिहिलं की परराष्ट्र व्यवहार सोडला तर अंतर्गत बाबतींत मी ब्रिटिश सरकारच्या बरोबरीनं उभा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा : हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाटाघाट करू शकत नाही, आणि हे सर्वोच्चपण केवळ तहांवर अवलंबून नाही. पुढे असंही आहे की राज्यातल्या प्रजेच्या हिताला गंभीर धक्का बसत असेल तर उपाय करण्याची जबाबदारी सार्वभौम सत्तेची आहे.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. प्रजेचं हित हा शब्द या पत्रात आहे, पण तो कधी बाहेर निघाला? निजामानं वऱ्हाड मागितलं तेव्हा. आणि त्याचा परिणाम काय झाला? प्रजेला विधिमंडळ मिळालं का? नाही. महसूल, पोलीस अशा मोक्याच्या खात्यांवर इंग्रज अधिकारी आले. ट्रेंच, टास्कर, ग्रिगसन ही नावं कार्यकारी मंडळाच्या महसूल आणि पोलीस खात्यांशी जोडलेली आहेत. यांतली काही माणसं कर्तबगार होती, कारभारात चांगली कामंही त्यांनी केली, ते नाकारायचं कारण नाही. पण लक्षात घ्या, ज्या काळात आपल्याकडे सभाबंदी होती, गश्ती नंबर ५३ खाली सभेला परवानगी लागत होती, त्या काळात पोलीस खातं कुणाच्या देखरेखीखाली होतं? ‘निजामाचे पोलीस’ हा आपला शब्दप्रयोग इथे अपुरा पडतो.

दुसरा कागद बटलर समितीचा अहवाल. समिती १९२७ ची, अहवाल १९२९ चा. संस्थानिक आणि सार्वभौम सत्ता यांचं नातं काय, हे तिनं ठरवायचं होतं. संस्थानी प्रजेची अखिल भारतीय परिषदही १९२७ सालीच स्थापन झाली होती. तिचं गाऱ्हाणं हा आपल्या कामाचा भाग नाही, अशी समितीची भूमिका. तरीही अहवालात प्रजेबद्दल एक कलम आहेच. एखाद्या संस्थानात राज्यपद्धती बदलण्याची व्यापक मागणी झाली तर काय? समितीचं म्हणणं असं की सार्वभौम सत्तेनं राजाचे हक्क आणि मानमरातब राखावेत, आणि राजाला बाजूला न सारता मागणी शमेल असे उपाय सुचवावेत.

माझ्या मते आजच्या सगळ्या विषयाचा सारांश या एका कलमात आहे. मागणी पूर्ण करायची नाही, शमवायची. किती आणि कशी शमवायची हे ठरवणार बाहेरचा. आणि ते जाहीर करणार आतला.

तिसरा कागद म्हणजे १९३९ च्या हैदराबादच्या घटनात्मक सुधारणा. क्रम बघा. १९३७ च्या उन्हाळ्यात परतूरचं अधिवेशन. त्याच वर्षी सप्टेंबरात अरवमुदू अय्यंगार समिती नेमली गेली. १९३८ मध्ये तिनं अहवाल दिला. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, आणि तीही तिची रीतसर स्थापना होण्याआधी! (हशा) जन्माला येण्याआधी बंदी घातलेली ही संघटना. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्यानं सत्याग्रह थांबवला गेला. आणि जुलै १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या.

काय होतं त्यांत? विधिमंडळ होतं, पण कार्यकारी मंडळ त्याला जबाबदार नव्हतं. निवडून आलेल्यांचं बहुमत नव्हतं. मतदारसंघ प्रदेशावर न बेतता धंद्यांवर बेतलेले : जहागीरदार, शेतकरी, व्यापारी, मजूर, वकील वगैरे. म्हणजे परतूरचा माणूस परतूरचा म्हणून मत देणार नाही, आपल्या धंद्याचा म्हणून देईल. जिथे ८० टक्क्यांहून अधिक प्रजा हिंदू होती तिथे हिंदू-मुसलमान समान जागा. आणि या सुधारणांखालच्या निवडणुका झाल्या कधी? १९४६ मध्ये. स्टेट काँग्रेसनं त्यांवर बहिष्कार घातला.

बटलर समितीच्या कलमाशेजारी हा कागद ठेवून वाचा. मागणी शमवण्याचा तो नमुनाच आहे. मी असं म्हणत नाही की दिल्लीहून कुणी मसुदा पाठवला. तसं म्हणायला मला आधार नाही आणि त्याची गरजही नाही. मांडलिकाला आपली चौकट किती मोठी आहे हे माहीत असलं की प्रत्येक वेळी हुकूम पाठवावा लागत नाही.

मग विचाराल, इंग्रज स्वतः ब्रिटिश हिंदुस्थानात निवडणुका घेत होते. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती. तर संस्थानांत अडचण काय होती? अडचण १९३५ च्या कायद्यात आहे. त्या कायद्यानं एक संघराज्य होणार होतं. केंद्रीय विधानसभेच्या ३७५ जागांपैकी १२५ संस्थानांच्या, आणि त्या संस्थानिकांनी नेमून भरायच्या. राष्ट्रीय चळवळीला तोलून धरणारा हा एक-तृतीयांश वजनाचा धोंडा होता. उद्या हैदराबादेत लोकांनी निवडलेलं सरकार आलं तर ते धोंड्याचं काम कसं करणार? शिवाय संघराज्यात यायचं की नाही हे संस्थानिकांच्या मर्जीवर होतं आणि हैदराबाद सर्वांत मोठं संस्थान. ज्याची मनधरणी करायची त्याच्यावर सुधारणेचा दबाव कोण आणील? फेब्रुवारी १९३८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात लॉर्ड विंटरटननं धोरण सांगितलं, त्याचा आशय असा : राजानं स्वतःहून सुधारणा केल्या तर आम्ही आड येणार नाही, पण त्याच्यावर दबावही आणणार नाही.

‘आड येणार नाही’ हे किती खरं होतं ते त्याच वर्षी राजकोटात दिसलं. २६ डिसेंबर १९३८ रोजी राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी वल्लभभाईंशी समझोता केला : सुधारणा समिती नेमू, तिच्यातली सात नावं तुमची. काही आठवड्यांत ठाकोरसाहेब फिरले. मागे रेसिडेंट गिब्सन आणि त्याचा दबाव होता. गांधीजींना मार्च १९३९ मध्ये उपोषण करावं लागलं. तिथेही जनतेसमोर शब्द मोडणारा ठरला ठाकोर. गिब्सनचं नाव आज कुणाला आठवतं?

त्याच सुमारास साताऱ्याकडे औंधच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३८-३९ मध्ये कारभार लोकांच्या हाती दिला. त्यांना कुणी पदच्युत केलं नाही. मग माझा नियम मोडला का? मला तसं वाटत नाही. औंध ७२ गावांचं. तिथे ना मोठी छावणी, ना संघराज्याच्या तराजूत वजन. मोठ्या सत्तेला लहानशी अपवादाची खिडकी परवडते, दाखवायलाही उपयोगी पडते. शंभर वर्षांआधी त्याच भागात साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांनी तहातल्या आपल्या हक्कांवर आग्रह धरला, तेव्हा १८३९ साली त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं होतं. शाळा, रस्ते, पाणी यांची कामं करणारा राजा म्हणून त्यांची आधी वाहवाच होत होती. सालारजंगाची गोष्टही तीच.

आता पूर्व युरोपकडे जाऊ, वचन दिलं होतं. १९६८ साल घ्या. हंगेरीत यानोश कादारनं १ जानेवारीपासून मोठी आर्थिक सुधारणा सुरू केली, कारखान्यांना मोकळीक दिली. मॉस्कोनं ती चालू दिली. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियात अलेक्झांडर दुबचेकनं वृत्तपत्रांवरचा पहारा उठवला, आणि पक्ष लोकांना उत्तर देऊ लागतो की काय असं वाटू लागलं. २० ऑगस्टच्या रात्री रणगाडे आले. पण कारभार रशियन माणसाच्या हाती दिला नाही. एप्रिल १९६९ मध्ये गुस्ताव हुसाक हा त्याच देशातला, त्याच पक्षातला माणूस बसवला आणि सुधारणा त्याच्याच हातानं एकेक करून मागे घेतल्या.

फरक आहेतच. दुबचेकला स्वतःला सुधारणा हवी होती, उस्मान अलीला नको होती. मॉस्कोनं रणगाडे पाठवले, दिल्लीचं काम पत्रावर भागलं. पण निवड करण्याची कसोटी सारखी आहे. कारभार सुधारा, चालेल. उत्तरदायित्वाची दिशा बदलू नका. आणि नकाराचं काम घरच्या माणसाकडून करून घ्यायचं, म्हणजे राग घरातच फिरत राहतो.

आता यात आपलं काय अडलं आहे? इतिहासाच्या अभ्यासकांनी वाद घालावा, आपण सतरा सप्टेंबरला झेंडावंदन करावं, असं का नाही?

अडलं आहे ते असं. चौथं पात्र काढलं की उरलेल्या तीन पात्रांची गोष्ट आपोआप बदलते. सार्वभौम सत्ता काढा, छावणी काढा, वऱ्हाड काढा, संघराज्याचा तराजू काढा. मग उरतो एक मुसलमान राजा आणि त्याची बहुसंख्य हिंदू प्रजा. लोकशाही हक्कांचा लढा धर्मयुद्धासारखा दिसू लागतो. मग हिशेब मागणारे अब्दुल कय्यूम त्यात बसत नाहीत. रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये खून झालेले ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान त्यात कसेबसे तोंडी लावायला येतात. आपल्याच गावातल्या शेजाऱ्याकडे बघण्याची नजर त्या गोष्टीनं बिघडते. मला याची काळजी वाटते.

दुसऱ्या बाजूलाही तेच. आजकाल निजामाचं कौतुक करणारं लेखनही बरंच दिसतं. उस्मानिया विद्यापीठ, दवाखाने, धरणं, रेल्वे : किती मोठा सुधारक राजा! या कामांचं मोल आहे. उस्मानियात १९१८ पासून उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग मोठाच होता. पण या सगळ्या सुधारणा कोणत्या रांगेतल्या आहेत ते बघा : सार्वभौम सत्तेला ज्यांची अडचण नव्हती त्या. निजामाला नुसता खलनायक करणारे आणि नुसता सुधारक करणारे, दोघंही त्याला होती त्याहून जास्त सत्ता देऊन टाकतात. दोघंही रेसिडेन्सीच्या फाटकाबाहेरूनच परत फिरतात.

याचा अर्थ निजामाची जबाबदारी संपते का? मुळीच नाही. मांडलिकालाही निवड असते. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रजांचं सार्वभौमत्व संपलं. त्यानंतरचे तेरा महिने, कासिम रझवी, रझाकार, गावोगावचे अत्याचार, हे इंग्रजांच्या माथी मारता येणार नाही. तो हिशेब निजामाचा आणि त्याच्या सल्लागारांचा. पण प्रश्न असा की त्या तेरा महिन्यांत तडजोडीचा रस्ता का निघाला नाही? माझं उत्तर असं आहे की दीडशे वर्षं या गादीची सुरक्षितता प्रजेवर अवलंबून नव्हती. खाली बघून बोलणी करण्याची सवयच तिला लागली नाही. वरचा आधार निघाला तेव्हा खाली पाया नव्हता. म्हणून घटनेच्या वाटेनं जे व्हायला हवं होतं ते १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत सैन्याच्या वाटेनं झालं. १९३७ साली परतूरला जमलेली माणसं साध्या मागण्या करत होती. त्यांचं तेव्हाच ऐकलं असतं तर पुढची किती घरं वाचली असती, याचा विचार करून बघा.

प्रश्नोत्तरांतून :

प्रश्न : सर, इंग्रज नसते तर निजामानं सुधारणा केल्या असत्या का?

उत्तर : ते कुणालाच सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणेन की इंग्रज नसते तर निजामाला प्रजेशी, सरदारांशी, शेजाऱ्यांशी स्वतःच्या बळावर निभवावं लागलं असतं. निभवताना माणूस शिकतो, किंवा पडतो. तैनाती फौजेनं दोन्ही शक्यता बंद केल्या. तो शिकलाही नाही आणि पडलाही नाही.

प्रश्न : मग काँग्रेसनं तरी संस्थानी प्रजेला साथ दिली का? अनेक वर्षं त्यांनी संस्थानांत हात घातला नाही.

उत्तर : बरोबर बोट ठेवलंत. बराच काळ काँग्रेसचं धोरण संस्थानांच्या अंतर्गत कारभारात न पडण्याचं होतं. आणि बाहेरून मदत करणंही सोपं राहू नये अशी व्यवस्था होती. १९२२ साली संस्थानिकांवर टीका करणाऱ्या छापील मजकुराला आळा घालणारा कायदा आला. केंद्रीय विधानसभेनं तो मांडूच दिला नाही, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंगनं आपल्या खास अधिकारात तो करून टाकला. १९३४ च्या कायद्यानं ब्रिटिश मुलखातून संस्थानांत जथे नेण्यावर बंधनं आली. आता गंमत बघा. हैदराबाद राज्यात राजकीय परिषद भरवता येत नव्हती म्हणून ती काकिनाडा, मुंबई, पुणे अशी बाहेर भरली, आणि १९३१ साली अकोल्याला. अकोला म्हणजे वऱ्हाड. कागदावर तो मुलूखही निजामाचाच! म्हणजे निजामाच्या मुलखात निजामाच्या प्रजेला सभा घेता येत होती, पण जिथे कारभार इंग्रजांचा होता तिथेच. हा एवढा एक प्रसंग मुलांना नीट समजावून सांगितला, तरी चौथं पात्र कोण ते त्यांना कळेल.

प्रश्न : आम्ही शिक्षक आहोत. सतरा सप्टेंबरच्या भाषणात हे कसं आणायचं?

उत्तर : फार काही करायला नको. मुलांना तारखा पाठ करायला लावण्याआधी एक प्रश्न द्या : या हुकुमावर सही कुणाची आहे, आणि या हुकुमामुळे कुणाची सोय झाली? दोन्ही उत्तरं एकच आली तर ठीक. वेगवेगळी आली तर तिथे थांबा आणि वाचायला लागा. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना तर असई दाखवता येते आणि परतूरही दाखवता येतं. दोन्हीकडे एकाच सहलीत नेता आलं तर उत्तमच.